मदत हवी आहे: 'वक्त' सिनेमातल्या साधनासारखा कुर्ता शिवायचाय

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीची, घरीच शिवते. १९६५च्या 'वक्त'मध्ये साधनाने घातलेले ते अंगाबरोबर बसणारे बिनबाह्यांचे कुर्ते आणि चुडीदार डोळ्यांसमोरून हलत नाहीत. वेशभूषाकार भानू अथैयांचं काम, आपल्या कोल्हापूरच्या! मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, तिला तसाच शिवून द्यायचाय. चुडीदार उरेब (तिरका) कापला, घोट्याशी चुण्या सुरेख पडल्या. अडलंय ते कुर्त्यावर. कंबरेत डार्ट (फिटिंगसाठीच्या चिमट्या) घेतले की मुंढ्याखाली, म्हणजे काखेशी, झोळ येतो. झोळ काढला की तिचा हातच वर होत नाही. कापड सुती घेतलंय, इथल्या दमट हवेत सॅटिन अंगाला चिकटतं. डार्टऐवजी प्रिन्सेस कट (वरपासून खालपर्यंत उभ्या शिवणी) घेऊ का? बाजूला चेन लावायची तर किती इंचांची? असा कुर्ता कुणी शिवला असेल तर प्लीज सांगा.