ज्येष्ठांचा एकाकीपणा कोणत्या प्रश्नांनी मोजावा?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे आम्ही घरभेटी देतो आणि प्रत्येक सभासदाला ‘एकटे वाटते का?’ असे विचारतो. बहुतेक जण ‘छे, घर भरलेले आहे’ असे सांगतात. मात्र असे सांगणाऱ्याच एक आजी निघताना माझा हात सोडत नाहीत. आमच्या प्रश्नातच काही उणीव आहे का?

प्रतिसाद १:
ताई, उणीव आहे, कारण या एका प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये त्या वेगळ्या केल्या: माणसांचा गोतावळा नसणे हा सामाजिक एकाकीपणा आणि जिवाभावाचे माणूस नसणे हा भावनिक एकाकीपणा. दुसरा भरल्या घरातही असतो. गोतावळ्यासाठी लुबेन यांची सहा प्रश्नांची प्रश्नावली वापरावी. तीन प्रश्न नातलगांविषयी, तीन मित्र-शेजाऱ्यांविषयी, एकूण गुण ० ते ३०, आणि १२ पेक्षा कमी गुण आल्यास ती व्यक्ती एकटी पडण्याचा धोका मानतात. भावनिक बाजूसाठी डी याँग गिअरव्हेल्ड यांची सहा विधानांची मोजपट्टी मला अधिक योग्य वाटते, कारण तिच्या विधानांत ‘एकाकी’ हा शब्दच येत नाही. रितेपण जाणवते का, अडचणीत विसंबता येईल अशी माणसे आहेत का, असे विचारले जाते. ‘मला एकाकी वाटते’ असे म्हणणे आपल्याकडच्या आईवडिलांना मुलांची तक्रार केल्यासारखे वाटते, आणि ती तक्रार ते परक्यापुढे कधीच करणार नाहीत.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. या प्रश्नांच्या मराठी भाषांतराबाबत मात्र सावध राहावे. ‘तुमच्या मैत्रिणी किती?’ असे विचारले की अनेक आजी ‘या वयात कसल्या मैत्रिणी’ म्हणतात, आणि ज्यांच्याशी रोज मनातले बोलतात त्या भजनी मंडळातल्या बायका किंवा शेजारीण मोजायच्या राहूनच जातात. म्हणून ‘नात्याबाहेरची माणसे’ असे विचारावे. ज्यांना वाचणे जड जाते त्यांना प्रश्न वाचून दाखवावेत, आणि ऐकू नीट येते का हे आधी पाहावे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आमच्या भेटीत सून किंवा मुलगा बहुधा शेजारीच बसलेला असतो. त्याचे काय करावे?

प्रतिसाद १:
मग ती उत्तरे ग्राह्य धरू नयेत. दोघींनी मिळून जावे. एकीने घरच्यांशी संघाच्या कार्यक्रमांविषयी बोलत बसावे आणि दुसरीने आजींना अंगणात किंवा देवळापर्यंत सोबत न्यावे व तेथे विचारावे. सहा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारले, तरच फरक कळेल.