'गोदेचा पूर': निसर्गचित्र की नुसते फराटे?

पंचवटीकर: नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात सहा फुटी कॅनव्हास पाहिला. नाव 'गोदेचा पूर'. गेरू, शेंदरी, मधेच पोपटी फराटे, कोपऱ्यात पांढरे शिंतोडे. घाट नाही, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्तीही नाही! पाटी बदलून 'जंगलातला वणवा' लिहा, तरी चालेल. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपेंचे जलरंगातले घाट पाहत मोठे झालो आपण. अमूर्ताला, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या चित्राला, माझी ना नाही, पण मग निसर्गाचा टेकू कशाला?

गोदाकाठची: पंचवटीकर, मोठ्या पुरात होळकर पुलावर उभं राहून बघा. घाट दिसतो का? पायऱ्या, छोटी देवळं, सगळं पाण्याखाली. दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी आलं एवढीच काय ती खूण. चित्रात घाट नाही हे मला तरी बरोबर वाटलं. तुम्ही जवळ गेला होतात का? गेरूचा थर अर्धवट वाळल्यावर सुरीने खरवडलाय, खालचा शेंदरी तिथून फाटल्यासारखा वर येतो. कडेला रंगाचा जाड काठ राहिलाय, ओसरत्या पुराच्या गाळासारखा.

सिडकोवाला: खरवडलं म्हणजे पूर झाला? चित्रकार वासुदेव गायतोंडेही रोलर आणि सुरी वापरायचे. पण त्यांची किती तरी चित्रं बिननावाची आहेत, स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हणणंही त्यांना पटत नसे. हा खरा प्रामाणिकपणा. इथे नाव आधी विकलं जातं, चित्र नंतर. (किंमत विचारली, कानाला खडा.)

गोदाकाठची: अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं सव्वासतरा फूट रुंद 'ऑटम रिदम' 1950 सालचं. ते आधी नुसतं 'क्रमांक 30' होतं, नाव मागाहून आलं. त्याने चित्र खोटं ठरलं का?

पंचवटीकर: खोटं नाही ठरलं, पण माझाच मुद्दा झाला की! नावाशिवाय ते उभं होतं. हे राहील? आणि तो पोपटी कुठून आला ते सांगा. आपल्या पुराचं पाणी चहाच्या रंगाचं असतं.

गोदाकाठची: वरून वाहून येणारी पानवेल पाहिली नाही का कधी? पोपटीच असते. आता शेंदरीचं विचाराल, तर तो मलाही जरा जास्तच वाटला. पण जास्त वाटला म्हणून खोटा म्हणणार नाही.

सिडकोवाला: पानवेल म्हणे! रविवारी पाटी झाकून दोघांनी पुन्हा बघा. मी येतो, पण विकत घ्यायला सांगू नका.