आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, व्यायाम कसा करून घ्यावा? मदत हवी आहे

सायली_वाई : माझ्या आईला डॉक्टरांनी "रोज चाला, व्यायाम करा" एवढेच सांगून घरी पाठवले आहे. खोलीतून मोरीपर्यंत जातानाच ती भिंतीला हात टेकून थांबते. किती चालवायचे आणि कुठे थांबवायचे, हे कृपया लवकर सांगा.

पोळकाका : चालताना ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारे यंत्र) किती दाखवतो? श्वासातून औषध घेण्याचा पंप कोणता चालू आहे? हृदयाची तपासणी झाली आहे का?

सायली_वाई : बसल्यावर 94, मोरीतून परतल्यावर 90. सालब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप आहे. हृदय तपासले असून ते ठीक आहे. तिने कधी विडी ओढली नाही, सारा जन्म चुलीच्या धुरात गेला.

योगसाधक : कपालभाती सुरू करा. माझा दमा त्यानेच आटोक्यात आला.

फिजिओ_मीरा : साधकजी, आपला अनुभव दम्याचा आहे. सीओपीडीमध्ये हवा आधीच आत अडकते आणि जोराने श्वास सोडला की लहान श्वासनलिका मिटतात, म्हणून कपालभाती नको. सायलीताई, धापेच्या भीतीने हालचाल कमी झाली की मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे थोड्याशा कामातही अधिक धाप लागते. व्यायामाने फुप्फुस पूर्ववत होत नाही, परंतु हे चक्र तुटते. डॉक्टरांनी होकार दिला असेल, तर व्यायामाच्या 15 मिनिटे आधी पंप द्या, 2 मिनिटे चालवा, खुर्चीवर बसवा आणि पुन्हा चालवा. 0 म्हणजे अजिबात धाप नाही आणि 10 म्हणजे सर्वाधिक धाप, या मापात धाप 4 च्या आसपास असावी. ऑक्सिजन 88 च्या खाली गेला, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. श्वास नाकाने घेऊन, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला शिकवा. खुर्चीवरून उठबसही करून घ्या. फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात.

गजानन_क : ऑक्सिजनचे यंत्र घेऊन टाका, भाड्यानेही मिळते.

पोळकाका : गजाननराव, प्रश्न व्यायामाचा आहे. बसून 94 असताना यंत्र कशाला? ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

योगसाधक : मग अनुलोम-विलोमही वर्ज्य का?

फिजिओ_मीरा : श्वास न रोखता केल्यास हरकत नाही, पण त्याने पायांना बळ येत नाही आणि आईंची अडचण चालण्याची आहे.

सायली_वाई : मधे खोकला वाढला तरी चालू ठेवायचे का?

फिजिओ_मीरा : नाही. खोकला वाढला, बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा ताप आला, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा आणि बरे वाटू लागल्यावर त्यांना विचारून थोड्या चालण्यापासून पुन्हा सुरू करा.