१६३५च्या वसाहतकाऱ्यापर्यंत वंशावळ : १८५०च्या मागचा दुवा कसा तपासावा?

उंबराचंझाड

नमस्कार. जावयाच्या वडिलांकडची वंशावळ नातवंडांसाठी नीट लिहून काढायला घेतली आहे. घराणं अमेरिकेतलं, मुळात इंग्रज. आजपासून मागे जात १८५०च्या सेन्ससपर्यंत प्रत्येक पिढीला कागद मिळाला आहे. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसी काउंटीत मूळपुरुष सापडतो : शेतकरी, वय ६१, जन्म मॅसॅच्युसेट्स. बायकोचं फक्त पाळण्यातलं नाव आहे, माहेरचं नाही.

इंटरनेटवरच्या आठ-दहा वंशवृक्षांत हा माणूस म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर काउंटीत १७८८ साली जन्मलेला त्याच नावाचा मुलगा, असं धरलेलं आहे. तिथून सरळ १६३५ साली आलेल्या एका वसाहतकाऱ्यापर्यंत ओळ जाते. पुरावा मात्र एकाही ठिकाणी जोडलेला नाही. घरात ‘आपण मेफ्लॉवरवाले’, म्हणजे मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या वसाहतकाऱ्यांचे वंशज, असंही बोललं जातं.

दोघे एकच हे कसं ठरवायचं? जुन्या नोंदींत 1689/90 असं दुहेरी साल दिसतं, ते कसं वाचायचं? आणि डीएनए चाचणीने हा प्रश्न सुटेल का?

दप्तरखाना

दहा वृक्षांत एकच गोष्ट आहे म्हणजे दहा पुरावे नाहीत. बहुतेक वेळा एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उतरवून घेतलेलं असतं. त्यामुळे ते सगळे बाजूला ठेवून कागदांकडे जा.

तुमचा कठीण भाग १६३५ नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स-कनेक्टिकटच्या त्या भागाच्या, सतराव्या शतकावर दीडशे वर्षांहून अधिक काळ बारकाईने काम झालेलं आहे. खरी अडचण १७८० ते १८५० या पट्ट्यात असते. स्वातंत्र्ययुद्धानंतर मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधली कुटुंबं मोठ्या संख्येने न्यूयॉर्क राज्यात सरकली. तिथे राज्यपातळीवर जन्ममृत्यूची नोंद १८८०च्या सुमारास सुरू झाली. सेन्सस १७९०पासून आहे, पण १८४०पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५०पासून येतं, आणि प्रमुखाशी नातं काय हे फेडरल सेन्ससमध्ये थेट १८८०ला. म्हणजे १८५०च्या घरात दिसणारी सगळी मुलं त्याचीच, असंही धरू नका.

आधी हा दुवा मोडून बघा. मोडला नाही तर मग जोडायचा. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५०पर्यंतच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी छापील खंडांत आहेत. १७८८चा तो मुलगा लहानपणीच गेला का ते पाहा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिकडे सर्रास पद्धत होती, त्यामुळे एकाच आईबापांना एकाच नावाची दोन मुलं दिसणं नेहमीचं आहे. नंतर बघायचं की तो मोठा होऊन त्याच गावात राहिला का. त्याची मुलं १८२०च्या पुढे वूस्टर काउंटीतच जन्मलेली असतील आणि तुमच्या माणसाची त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये, तर विषय तिथेच संपला. वयही ताडून पाहा. १८५०च्या सेन्ससमध्ये वय १ जूनचं सांगायचं होतं, म्हणजे ६१ वर्षं याचा अर्थ जन्म जून १७८८ ते मे १७८९. एकदोन वर्षांचा फरक चालतो, पण मुलाचा जन्म १७८८च्या जानेवारीतला असेल तर मनात खूण करून ठेवा.

आता न्यूयॉर्कच्या बाजूने. १८५५ची न्यूयॉर्क राज्याची जनगणना आधी काढा. तिच्यात प्रमुखाशी नातं, त्या गावात किती वर्षं राहतो आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्माची काउंटी दिलेली असते. बापाच्या नावापुढे नुसतं मॅसॅच्युसेट्स येईल, पण मोठ्या मुलांच्या जन्मकाउंट्या ओळीने मांडल्या की कुटुंब कुठे कुठे थांबत आलं तो रस्ता दिसतो. मधल्या एखाद्या मुक्कामी चर्चच्या वहीत किंवा खरेदीखतात ‘पूर्वी अमुक गावचा’ असा उल्लेख मिळू शकतो.

जमिनीच्या कागदांत एक मेख आहे. जेनेसी काउंटीतली पुष्कळशी जमीन हॉलंड लँड कंपनीने विकली, तिची कचेरी बटेव्हियाला होती. आधी हप्त्यांचा करार व्हायचा आणि खत पैसे फिटल्यावर, कित्येकदा बऱ्याच वर्षांनी. म्हणून ‘खत १८२८चं, म्हणजे तो १८२८ला आला’ असा हिशेब चुकतो. शिवाय जेनेसी काउंटी १८०२ला ऑन्टारिओ काउंटीतून निघाली, त्यामुळे त्याआधीचे कागद ऑन्टारिओकडे. काउंट्यांच्या हद्दी बदलल्या तरी जुने कागद सहसा जुन्या काउंटीतच राहतात. शोध रिकामा परतण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

सगळ्यात पक्का दुवा बहुधा मॅसॅच्युसेट्समधल्या बापाच्या वारसाहक्काच्या कागदांत मिळेल. त्यात नुसतं मृत्युपत्र शोधू नका. मृत्युपत्र नसलं तर इस्टेटीचा कारभार बघायला कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाचा जामीन, मालमत्तेची यादी, वाटणी, अज्ञान मुलांचे पालक नेमल्याचे कागद असतात. चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शकत असे, त्यावरून वयाचा अंदाज येतो. १७८९पूर्वीच्या वाटणीत एकाला दुप्पट हिस्सा दिसला तर तो थोरला मुलगा. बापाच्या मृत्यूनंतरची दहापंधरा वर्षांची खरेदीखतंही विक्रेत्यांच्या सूचीतून पाहा. दूर गेलेली भावंडं आपला हिस्सा गावातल्या भावाला विकून टाकत. ‘जेनेसी काउंटी, न्यूयॉर्क राज्य इथला अमुक, कै. तमुकच्या इस्टेटीतला माझा हिस्सा’ असं एक वाक्य मिळालं की तुमचा प्रश्न सुटला.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. काही चित्रं मात्र त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच उघडतात. तिथली पूर्ण मजकुराची शोधसोय हस्तलिखित खतांच्या आतले शब्दही शोधते. आडनावासोबत दोन्ही गावांची नावं टाकून पाहा, आणि आडनावाची चारपाच स्पेलिंगं आलटून पालटून द्या.

जुनीशाई

वरच्या प्रतिसादाला एक जोड. १७८८च्या मुलाचा बाप १७६०च्या आसपासचा असणार, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या वयाचा. त्याची पेन्शनची फाइल असेल तर ती आधी मिळवा. १८१८च्या कायद्याने गरजू सैनिकांना पेन्शन मिळाली, म्हणून १८२०च्या अर्जांत मालमत्तेची यादी आणि घरातल्या माणसांची नावं-वयं येतात. १८३२च्या कायद्याखालच्या अर्जदाराला जन्म कुठे व कधी, भरती होताना कुठे राहत होता, नंतर कुठे कुठे राहिला हे कोर्टापुढे सांगावं लागे. १८३६पासून विधवांच्या अर्जांना लग्न सिद्ध करावं लागे, तेव्हा पुष्कळांनी कौटुंबिक बायबलची जन्मनोंदींची पानंच फाडून जोडली. ती पानं आजही त्या फायलींत आहेत आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) ऑनलाइन सूचीत फुकट पाहता येतात.

आता साल. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागे. १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांना जुन्या हिशेबाने सरतं साल आणि नव्या हिशेबाने पुढचं, म्हणून 1689/90. शकाचं इसवी सन काढताना एरवी ७८ आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवतो, तसलाच प्रकार. गोंधळ होतो तो कारकुनाने एकच साल लिहिलेलं असतं तिथे. लग्न ५ एप्रिल १६६१ आणि पहिलं मूल १० फेब्रुवारी १६६१ दिसलं तर मूल लग्नाआधीचं नव्हे, ते १६६२च्या फेब्रुवारीतलं, लग्नानंतर दहा महिन्यांनी. महिने आकड्यांत असतील तर पहिला महिना मार्च आणि बारावा फेब्रुवारी. छापील पुस्तकांत आणि वंशवृक्षांत ‘१२वा महिना’ डिसेंबर करून टाकलेला सर्रास आढळतो. तुमच्या वहीत तारीख मुळात आहे तशीच उतरवा. दहा-अकरा दिवस मिळवून नव्या पंचांगात बदलू नका, नाहीतर पुढच्या शोधणाऱ्याला ती नोंद सापडणार नाही.

नात्याचे शब्दही सांभाळा. सतराव्या-अठराव्या शतकातला ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही असू शकतो, ‘कझिन’ हा पुतण्या किंवा भाचा असू शकतो, ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणा किंवा नुसता चर्चबंधूसुद्धा. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असं नाही. एका गावात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. काका-पुतणे किंवा नात्यागोत्याचा संबंध नसलेलेही असतात. थोरला वारला की ज्युनियर सीनियर होतो आणि ‘तिसरा’ ज्युनियर. एकाच माणसाची बिरुदं अशी बदलत गेली की वंशवृक्षांत त्याचे दोन माणूस होतात.

मूळ हस्ताक्षर वाचायची वेळ आली तर सुरुवात ओळखीच्या शब्दांनी करा. मृत्युपत्राची पहिली चार वाक्यं ठरीव साच्याची असतात, त्यांतून त्या लेखनिकाच्या अक्षराचं वळण हाती येतं. मोडी शिकताना पत्राच्या मायन्यावरून अक्षरं लावतात तसंच.

उंबराचंझाड

हे फारच उपयोगी. १८५५ची जनगणना पाहिली : या गावात ३१ वर्षं, आणि थोरल्या दोन मुलांचा जन्म मॅडिसन काउंटीचा! डीएनएबद्दल आणि मेफ्लॉवरबद्दल कोणी सांगेल का?

दप्तरखाना

३१ वर्षं म्हणजे १८२४ला या गावात आला. १८२०च्या सेन्ससमध्ये आता मॅडिसन काउंटीत शोधा. नाव सापडलं की पानावरचे आजूबाजूचे वीस-पंचवीस कुटुंबप्रमुखही उतरवून घ्या. माणसं एकटी सरकत नसत. त्यांतली तीनचार आडनावं वूस्टर काउंटीतल्या त्याच गावची निघाली तर तो सिद्ध पुरावा नव्हे, पण दिशा नक्की झाली. बायकोचं माहेरही बहुधा याच शेजाऱ्यांत असेल. मुलांच्या मधल्या नावांकडेही लक्ष द्या. १७८०च्या आधी मधलं नाव क्वचित ठेवत, पुढे ते पुष्कळदा आईच्या माहेरचं आडनाव असतं.

गुणसूत्र

डीएनएच्या दोन चाचण्यांत गल्लत करू नका.

नेहमीची, दोन्ही बाजूंचे नातलग दाखवणारी ऑटोसोमल चाचणी १६३५साठी उपयोगाची नाही. तो वसाहतकारी आजपासून अकराबारा पिढ्या मागचा. दहाव्या पिढीतच कागदावर १०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या पुष्कळांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. शिवाय न्यू इंग्लंडची जुनी घराणी एकमेकांत इतकी सोयरी झालेली आहेत की जुळलेला तुकडा नेमका कुठल्या जोडप्याकडून आला हे सांगता येत नाही. ‘आमचा तुकडा जुळला, म्हणजे वंशवृक्ष बरोबर’ हा निष्कर्ष इथे सर्रास काढला जातो आणि तो चुकीचा आहे.

१७८८च्या प्रश्नाला मात्र ती थोडी मदत करते. चाचणी जावयाची न करता हयात असलेल्या सर्वांत वरच्या पिढीची करा, एक पिढी वर गेलं की वाटा दुप्पट होतो. एकच चाचणी पुरणार नाही. चौथ्या पायरीच्या चुलतभावंडांत जवळपास निम्म्या जोड्या अजिबात जुळत नाहीत, म्हणून न जुळणं हा नकार नव्हे. वेगवेगळ्या शाखांतले चारपाच जण घ्या.

तुमची ओळ बापाकडून बापाकडे सरळ जाते, त्यामुळे बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी जास्त कामाची. जावई किंवा त्यांचे वडील एका बाजूला, आणि वूस्टरच्या त्या घराण्यातला, कागदांनी सिद्ध झालेला, अखंड पुरुषवंशातला एक जण दुसऱ्या बाजूला. त्या गुणसूत्रावरच्या, चाचणीत ताडून पाहिल्या जाणाऱ्या ३७ खुणांवर ठळकपणे न जुळले तर कुठेतरी ओळ तुटलेली आहे. जुळले तर घराणं एक, पण हा माणूस त्याच बापाचा की चुलत्याचा, हे ती चाचणी सांगत नाही. ते कागदच सांगतील.

तिसरीप्रत

मेफ्लॉवर १६२०ला १०२ प्रवासी घेऊन आलं, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. तुमचा १६३५चा माणूस त्यानंतरच्या मोठ्या स्थलांतरातला, जे १६४०पर्यंत चाललं आणि ज्यात सुमारे वीस हजार माणसं न्यू इंग्लंडला आली. त्यामुळे पुरुषांच्या ओळीतून मेफ्लॉवर मिळणार नाही. घरातलं बोलणं खरं असेल तर ते मधल्या एखाद्या बाईच्या माहेरातून येईल, म्हणून प्रत्येक पिढीतल्या बायकोचं माहेर शोधणं आलंच. १७००पूर्वीच्या लग्नांसाठी टॉरी यांची सुमारे ३७ हजार जोडप्यांची सूची आहे. १८९७ला स्थापन झालेल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्यांचे पुराव्यासहित खंड काढले आहेत. खालून वर येणारी तुमची ओळ पाचव्या पिढीतल्या माणसाला भेटली की पुढचं काम झालेलं आहे.

१६३५च्या माणसासाठी रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचे ‘ग्रेट मायग्रेशन’चे खंड आधी पाहा. पहिला संच १६२० ते १६३३चा, पुढचा १६३४-३५चा, म्हणजे तुमचं साल त्यात येतं. प्रत्येक नोंदीखाली पुरावा आणि पूर्वी झालेल्या चुका दोन्ही लिहिलेल्या आहेत. सॅव्हेज यांचा १८६०-६२चा चार खंडी कोश अजूनही वापरतात, पण वाट दाखवण्यापुरता.

इंग्लंडातल्या गावाबद्दल सावध राहा. १६३५च्या लंडन बंदरातल्या प्रवाशांची नोंदवही टिकली आहे, पण बऱ्याच जहाजांच्या छापील याद्या पुढे अंदाजाने जुळवलेल्या आहेत. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विंथ्रॉप याच्या १६३०च्या अकरा जहाजांची मूळ प्रवासी यादीसुद्धा नाही. इंग्लंडातल्या एखाद्या गावी त्या नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला एवढ्यावर नातं जोडू नका. त्या मुलाचं पुढे काय झालं, तिथेच पुरला गेला का, हे पाहा. आणि वंशावळ गुस्ताव आन्जू याच्या नावावर असेल तर ती सरळ बाजूला ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने श्रीमंत गिऱ्हाइकांना बनावट मृत्युपत्रं आणि खोट्या पॅरिश (गावच्या चर्चच्या) नोंदी घालून वंशावळी विकल्या, आणि त्यांतली नावं अजूनही ऑनलाइन वृक्षांत फिरत आहेत. आडनावावर मिळणारं कुलचिन्हही तसंच : इंग्लंडात ते एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेलं असतं, आडनावाला नाही.

लिहून ठेवताना प्रत्येक पिढीचं वेगळं पान करा. हा त्याचा मुलगा हे कुठल्या कागदाने ठरलं, तो कागद कुठल्या कचेरीत, कोणता खंड, कोणतं पान. ज्या पानावर फक्त ‘अमुक वृक्षात पाहिलं’ एवढंच आहे त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि पुढचा शोध तिथूनच सुरू करा. सध्या ती खूण १७८८च्या पानावर येईल.