झाडं लावली म्हणजे झालं, असं नाही

सांडपाणी शुद्ध करायला खडी भरून त्यात पाणवनस्पती लावतात, तो पाणथळ वाफा. त्यात पाणकणीस लावलं की तेच पाण्यातला सगळा नायट्रोजन शोषून घेतं, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. झाडांचा वाटा सहसा लहानच, आणि कापून बाहेर नेली नाहीत तर कुजून तो परत पाण्यातच येतो. खरं काम मुळांभोवतीचे नि गाळातले जिवाणू करतात.

गोठ्याच्या सांडपाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियम (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचं रूप) आणि सेंद्रिय रूपात असतो. अमोनियमचं नायट्रेट व्हायला १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. कायम बुडालेल्या खडीत तो येणार कुठून? म्हणून आधी उभ्या प्रवाहाचा वाफा, ज्यात पाणी थांबून थांबून वरून सोडतात आणि मधल्या वेळात हवा आत शिरते. मग आडव्या प्रवाहाचा, ज्यात खडी कायम बुडालेली असते. तिथे ऑक्सिजन नसल्याने जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. मात्र या जिवाणूंना सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन हवा. तो पहिल्या वाफ्यातच संपत असेल, तर गाळ बसवलेलं थोडं सांडपाणी थेट दुसऱ्यात सोडायचं.

शेतातून निचरून येणारं पाणी वेगळं. त्यात बहुतेक नायट्रेटच असतं, त्यामुळे पहिला टप्पा लागतच नाही.

आणि हो, कडाक्याच्या थंडीत हे जिवाणू फार मंदावतात. वाफ्याचं क्षेत्रफळ उन्हाळ्याच्या आकड्यांवर ठरवू नका.