बडोद्याला जोडीनं येताना
जोडीदारासोबत बडोद्यात हॉटेलची खोली मिळेल का, असं विचारलंत. निर्धास्त या. दोन पुरुषांनी एक खोली घेतली तर इथे सहसा कुणी काही विचारत नाही. दोघांची ओळखपत्रं जवळ असू द्या. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला दिला, तेव्हापासून कायद्याचाही धाक नाही.

जपायचं ते डेटिंग ॲपवरच्या अनोळखी माणसांपासून. घरी सांगेन म्हणून धमकावत पैसे उकळणारे असतात. पहिली भेट दिवसाढवळ्या कमाटीबागेत, म्युझियमच्या दाराशी ठरवा. थेट खोलीवर अजिबात नको. धमकी आलीच तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बारच्या शोधात फिरू नका, राज्यात दारूबंदी आहे. राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या, स्वतः समलिंगी असलेल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी २००० साली सुरू केलेली समलिंगी पुरुषांसाठीची संस्था, लक्ष्य ट्रस्ट, मात्र ठाऊक असू द्या, एचआयव्ही प्रतिबंधाचं त्यांचं काम फार मोलाचं आहे. आणि नवरात्रात येणार असाल तर खोली आत्ताच बुक करा.