सोव्हिएत रात्रपथकातल्या मेकॅनिक मुली: देखाव्यासाठी बारकावे हवेत

बाडेकर:
ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या मंडळाचा यंदाचा देखावा दुसऱ्या महायुद्धातल्या ४६ व्या गार्ड्स रात्र-बॉम्बर रेजिमेंटचा. वैमानिक नाहीत, फक्त खाली राबणाऱ्या मुली. त्यांचं पो-२ हे दुमजली पंखांचं विमान बांबू-कापडाचं करतोय. महाराजपुऱ्याची एअरफोर्सची मंडळी दर्शनाला येतात, चूक लगेच पकडतील. तीन मुली ठेवल्यात. कुणाच्या हातात काय द्यायचं? आणि विमान पाच मिनिटांत परत उडायचं, ते कसं जमायचं?

नटबोल्ट:
तीन कमी पडतील. नियमाप्रमाणे एका विमानाला एक मेकॅनिक, सगळं तिनंच बघायचं. पण एका रात्रीत आठ-दहा फेऱ्या व्हायला लागल्यावर एकीवर तीन विमानांचा भार आणि दुसरी रिकामी, असं व्हायचं. म्हणून त्यांनी नियम मोडून टोळ्या पाडल्या. एक टोळी उतरलेलं विमान पंख धरून जागेवर आणणार, दुसरी पेट्रोल भरणार, तिसरी बॉम्ब लावणार. रेजिमेंटची इंजिनिअरही बाईच, सोफिया ओझेर्कोवा.

बॉम्बपाशी तिघी दाखवा, खालच्या पंखाखाली गुडघे टेकून. साखळी-कप्पी दाखवू नका, बॉम्ब हातानंच उचलायच्या. १०० किलोचे दोन धरले तर आठ फेऱ्यांत एकाच विमानाचे १,६०० किलो होतात. बॉम्बला फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) बसवणारीचे हातमोजे काढा. अंधारात आटे बोटांनीच कळतात. थंडीत कातडी लोखंडाला चिकटायची, तरी हात उघडेच. आणि हॅलोजन नको, मिणमिणती बॅटरी पुरे.

मॅग्नेटो:
इंजिन एम-११, पाच सिलिंडर चक्राकार, हवेनं थंड होणारं, साधारण शंभर अश्वशक्तीचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे दहा. सेल्फ-स्टार्टर दाखवलात तर पंचाईत, प्रोपेलर हातानंच फिरवायचा. आधी स्विच बंद ठेवून दोन-चार वेळा. इंजिन उभं राहिलं की तेल खालच्या दोन सिलिंडरांत उतरतं. प्रोपेलर अडला तर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून तेल सांडू द्यायचं. नाहीतर पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. हिवाळ्यात रात्र संपल्यावर तेल गरम असतानाच काढून ठेवायचं आणि सुरू करण्याआधी तापवून ओतायचं. मुलीच्या हातात तेलाचा डबा दिलात तर खरं वाटेल.

सुईदोरा:
विमानाला ठिगळं लावा, कोरं विमान खोटं दिसेल. फाटलेलं आधी टाके घालून जवळ आणायचं, जुनं डोप (कापड ताणून धरणारं रोगण) पुसायचं, मग कडा उसवलेलं सुती ठिगळ बसवून वर डोपचे हात. डोप वाळताना कापड ताणलं जातं, त्यावरच पंखाचा आकार टिकतो. दमट हवेत मात्र ते पांढरं पडतं आणि ताण धरत नाही. भाद्रपदात तुमचंही तेच होईल, शिवाय नायट्रो डोप पेट घेतं. मांडवात फेविकॉलचं पाणी वापरा.

बाडेकर:
फारच उपयोगी. प्रोपेलरला मोटर लावून फिरता ठेवला तर?

मॅग्नेटो:
लावा, पण मग मुलगी बाजूला, पात्याच्या रेषेबाहेर. फिरत्या पात्यासमोर कुणी उभं राहत नाही. बंद पात्यालाही भ्यायचं असतं. स्विच बंद केला की मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, तारेनं इंजिनाच्या धातूला (अर्थला) जोडलं जातं आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते, अगदी जुन्या ल्यूनासारखी. मग नुसता हात लावून फिरवला तरी इंजिन पकडतं.